माशाशी खेळू नये

मी खाडीकाठचा माणूस. शाळेत मराठी शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि पानात मासा असला की मला भात दोन घास जास्त जातो. ही ओळख आधीच करून देतो, कारण पुढचे लिखाण म्हणजे कुणा शाकाहारी सज्जनाचे जीवदयेवरील प्रवचन, असा वाचकांचा समज होऊ नये. मासा खावा असेच माझे मत आहे. माझे भांडण आहे ते खायचा नसताना मासा धरणाऱ्यांशी. आणि त्यातही, स्वतः धरून सोडल्यावर, खाण्यासाठी धरणाऱ्याला चोर ठरवणाऱ्यांशी.

माझा एक भाचा ऑस्लोला नोकरी करतो. 'मामा, एकदा तरी या' असा त्याचा लकडा होता. शेवटी २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो. तिथे त्याच्या एका शेजाऱ्याकडे आम्हाला जेवायचे बोलावणे होते. गृहस्थ मोठे सुसंस्कृत. भिंतीला पुस्तकांची कपाटे, आणि कपाटांच्या मधोमध चौकटीत एक फोटो. फोटोत हे गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात रबरी विजार घालून उभे आणि दोन्ही हातांवर लहान मूल धरावे तसा एक चांदीसारखा लखलखीत मासा. सामन मासा. नऊ किलोचा, असे त्यांनी सांगितले.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारले, "मग त्याचं काय केलंत? कालवण की तळलात?"

सगळे हसले. गृहस्थ म्हणाले, "छे, छे! सोडून दिला. आम्ही मारत नाही. आम्ही नदीचे रक्षक आहोत. नुकसान करतात ती तिकडं उत्तरेकडची माणसं. ती अजून जाळी लावतात आणि खातात!"

'खातात' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की आपल्याकडे 'पितात' म्हणतात ना, तसा. मी पाहुणा, माझे इंग्रजी तोकडे. मी गप्प बसलो. मग जेवण आले. पहिल्याच ताटलीत पावावर गुलाबी मासळीचे पातळ काप होते. "हाही सामनच," यजमान म्हणाले, "पण हा समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला." मी काप खाल्ला. चव वाईट नव्हती. पण रानातला सामन भिंतीवर आणि पिंजऱ्यातला पानात, ही मांडणी माझ्या डोक्यातून जाईना. त्या रात्री जे उत्तर द्यायचे राहिले, ते आता इथे देतो.

आधी या माशाची ओळख करून घेऊ. कारण मुंबईच्या हॉटेलांत आपल्या रावसालाच 'इंडियन सामन' म्हणतात आणि त्यामुळे उगाच घोटाळा होतो. रावस वेगळा, त्याचे कूळ वेगळे. खरा सामन जन्मतो तो उत्तरेकडच्या थंड नदीत, गारगोट्यांच्या तळाशी. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात गाभोळी सोडते आणि वर पुन्हा खडी लोटते. पिल्ले काही वर्षे नदीतच वाढतात. मग वसंतात त्यांच्या अंगावर चांदी चढते आणि ती समुद्राला निघतात. तिथे एक, दोन, तीन वर्षे खाऊन-पिऊन ती दांडगी होतात, आणि मग शेकडो मैलांवरून ज्या नदीत जन्मली त्याच नदीच्या पाण्याचा वास ओळखून परत येतात. त्याच नदीत एक समुद्री ट्राऊटही असतो. तो सामनाचा चुलतभाऊ. दर्याचा लांबचा प्रवास त्याला मानवत नाही. तो किनाऱ्यालगतच्या खाड्यांत फिरतो आणि घरी येतो. याचेच सख्खे भाऊ जन्मभर नदी सोडत नाहीत. त्यांना नदीतला तपकिरी ट्राऊट म्हणतात, पण जात एकच. इंग्रजांनी १९०० सालच्या सुमारास काश्मीरच्या ओढ्यांत आणून सोडला तो हाच.

आता यातली सर्वांत नवलाची गोष्ट. नदीत शिरल्यावर सामन अन्नाला जवळजवळ तोंड लावीत नाही. अंगावरच्या चरबीवर तो कित्येक महिने काढतो आणि प्रवाहाविरुद्ध, धबधब्यांवर उड्या घेत, वर वर चढतो. जून-जुलैत, म्हणजे आपल्या आषाढी वारीच्याच दिवसांत, ही त्याची वारी चालू असते. आणि तीही निर्जळी नसली तरी निराहार. मग अशा उपाशी वाटसरूच्या तोंडापुढे पिसांची नि रंगीत दोऱ्यांची नकली माशी नाचवायची. त्याला भूक नाही. तो चिडून म्हणा, जुन्या सवयीने म्हणा, तिला तोंड मारतो. का मारतो याचा नक्की उलगडा त्या लोकांनाही झालेला नाही. गळ अडकला की अर्धा तास, तास, त्याला दमवायचे, वर काढायचे, फोटो घ्यायचा आणि सोडायचे. याला ते खेळ म्हणतात, आणि अलीकडे रक्षण म्हणू लागले आहेत.

हा खेळ कुणाचा, हेही पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून इंग्रज सरदार आणि धनिक उन्हाळ्यात नॉर्वेच्या नद्यांवर येऊ लागले. शेतकऱ्यांकडून नदीचे पट्टे त्यांनी भाड्याने घेतले. तिकडच्या लोकांनी त्यांना 'सामन-लॉर्ड' असे नावच ठेवले. आजही काही नामांकित नद्यांवर एका दिवसाचे भाडे माझ्या दोन महिन्यांच्या पगारात बसणार नाही. काठीने धरणे ते खानदानी, जाळ्याने धरणे ते हलके, ही उतरंड माशाच्या कल्याणासाठी लागलेली नाही. ती माणसांची उतरंड आहे.

आणि त्या खेळालाही पूर्वी एक शेवट होता. स्कॉटलंडमधल्या टे नदीवर ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या तरुणीने ६४ पौंडांचा सामन गळाला लावला. दोन तासांहून अधिक झुंज झाली. ब्रिटनमध्ये काठीने धरलेल्या सामनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. ही बाई कुणी सरदारकन्या नव्हती; धनिकांच्या नावा वल्हवणाऱ्या, त्यांना मासा कुठे बसतो ते दाखवणाऱ्या सेवकाची मुलगी होती. त्या माशाचे पुढे काय झाले? तो पर्थच्या इस्पितळात धाडण्यात आला, आणि तिथल्या पानांत वाढला गेला. एवढा मोठा विक्रम, पण अखेर पोटात गेला. मला ही हकिकत वाचून फार बरे वाटले. खेळाचे शेवटी अन्न झाले, म्हणजे माशाच्या जिवाचे काही मोल राहिले.

ऑस्लोच्या त्या जेवणानंतर मी भाच्याजवळ हट्ट धरला, की ती 'खाणारी' माणसे मला पाहायची आहेत. विमानाने आम्ही लाक्सएल्व या गावी उतरलो. या नावाचा अर्थच 'सामनची नदी'. तिथून मोटारीने तासन्तास खुरट्या भूर्जांच्या रानातून गेल्यावर ताना नदी लागली. नॉर्वेजियन तिला ताना म्हणतात, फिन लोक तेनो म्हणतात आणि तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सामी लोक द्येत्नू म्हणतात. बरेच अंतर हीच नदी नॉर्वे आणि फिनलंडची सरहद्द आहे. सामनासाठी जगात वाखाणलेल्या नद्यांपैकी ही एक. १९२८ साली काठीने धरलेला छत्तीस किलोंचा सामन याच पाण्यातला.

उत्स्योकीच्या पुलावर आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि सूर्य डोंगरावर होता. त्या दिवसांत तिथे तो मावळतच नाही. खाली काठावर लांबच लांब निमुळत्या नावा पालथ्या घातलेल्या होत्या. ऐन हंगाम, नदी भरून वाहते आहे, आणि एकही नाव पाण्यात नाही. मला आमच्या खाडीवरच्या पावसाळ्याची आठवण झाली.

भाच्याच्या ओळखीने एका सामी कुटुंबात आमचे चहापाणी झाले. घरातल्या आजीबाई सत्तरीच्या पुढच्या. माझा भाचा त्यांचे बोलणे मला मराठीत सांगत होता. त्यांनी भिंतीवरचे जाळे दाखवले. ते त्यांच्या सासऱ्यांनी विणलेले. नदीत खुंट रोवून, फांद्यांची आडवी भिंत घालून, तिच्या टोकाशी जाळे लावायची इथली जुनी पद्धत. आणि दुसरी, प्रवाहाबरोबर नाव सोडून वाहते जाळे धरायची. २०१७ साली नॉर्वे आणि फिनलंड या दोन सरकारांनी करार करून नदीतल्या मासेमारीला कात्री लावली, आणि ती सर्वांत खोल लागली ती या जाळ्यांना. दोन्ही देशांतल्या सामी प्रतिनिधिसभांनी विरोध केला. बाहेरून येऊन इथे बंगल्या बांधणाऱ्यांचे हक्क मात्र त्या करारात वाढले, ही सामींची खरी जखम. त्याच उन्हाळ्यात काही सामी तरुणांनी नदीतल्या एका बेटावर तळ ठोकून 'इथे आमचा रिवाज चालेल' असे जाहीर केले. पुढे २०२१ पासून तर सामन धरायलाच संपूर्ण बंदी आली. काठीला नि जाळ्याला, नदीत नि तिच्या मुखाशी समुद्रातही. मी गेलो तो बंदीचा तिसरा उन्हाळा. २०२४ सालीही ती उठली नव्हती.

आजीबाईंच्या सुनेने खायला आणले. पावावर गुलाबी काप. मी भाच्याकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, "मामा, दुकानातला आहे. पिंजऱ्यातला." ऑस्लोच्या श्रीमंताच्या पानात जो मासा, तोच जगातल्या नामांकित सामननदीच्या काठावरच्या म्हातारीच्या पानात!

मी तिला त्या फोटोची गोष्ट सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "अन्नाशी खेळू नये. आम्हाला लहानपणी हेच शिकवलं." वाचकहो, आमच्या घरी पानात उष्टे टाकले की माझी आजी याहून वेगळे काय म्हणत असे?

आता इथे प्रतिपक्षाचे म्हणणे मांडले पाहिजे, नाहीतर मी मास्तर कसला? ते म्हणतील, मासा खरेच कमी झाला आहे. हो, झाला आहे. १९८० च्या दशकात नॉर्वेच्या किनाऱ्याला दरवर्षी सुमारे दहा लाख रानटी सामन परतत. आता त्याच्या निम्मेही येत नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात या माशाचे नाव जगाच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत वरच्या पायरीवर गेले. २००६ ते २०२० या काळात त्याची संख्या २३ टक्क्यांनी घटल्याचा हिशेब तिथे दिला आहे. ते म्हणतील, तानावर जाळ्यांनीही पूर्वी जास्त मासा काढला. तेही खरे. मासा नसेल तर जाळे वाळत घालावे, हे सांगायला आम्हाला शास्त्रज्ञ नको. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. कोळी होड्या ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन निघतात. बंदीला कुणी अन्याय म्हणत नाही, कारण ती कधी उठणार हे पोराटोरांना ठाऊक असते.

आणि गळवाल्या मंडळींतही मोठ्या मनाची माणसे झाली, हे मी नाकारीत नाही. आइसलंडचे ओरी विग्फुसन हे स्वतः पट्टीचे गळवाले. १९८९ साली त्यांनी निधी उभा केला आणि ग्रीनलंड, फेरो बेटे इथल्या दर्यावर्दी मच्छीमारांना रोकड मोबदला देऊन खोल समुद्रातली जाळी थांबवली. २०१७ साली ते वारले. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांची रीत पाहा: त्यांनी जाळे विकत घेतले, जाळेवाल्याला चोर म्हटले नाही.

माझा आक्षेप हा, की जो दिसतो त्याला धरायचे आणि जो दिसत नाही त्याला सोडायचे, हा कसला न्याय? म्हातारीचे जाळे काठावरून दिसते. पण सामन मुख्यतः मरतो आहे तो समुद्रात. तिथले पाणी बदलले, खाद्य बदलले. आणि खाड्याखाड्यांतून माणसाने पिंजरे टांगले. नॉर्वे आज वर्षाला १२ लाख टनांहून अधिक सामन पिंजऱ्यांत पिकवतो. एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवायची कायद्यानेच मुभा आहे. इतकी दाटी झाली की उवा होणारच. या समुद्री उवा पिंजऱ्यातून बाहेर पडतात आणि समुद्राला निघालेल्या बोटभर पिल्लांना लागतात. समुद्री ट्राऊट तर खाडी सोडून लांब जातच नाही. त्याची दशा विचारूच नका. शिवाय पिंजरे फाटतात. २०२३ च्या ऑगस्टात आइसलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका पिंजऱ्यातून साडेतीन हजारांच्या आसपास सामन निसटले आणि नद्यांत घुसले. ते टिपायला नॉर्वेहून पाणबुडे भाले घेऊन बोलवावे लागले. पळालेला मासा रानटी माशाशी संकर करतो आणि रानटी वंशाचे सत्त्व पातळ होते. नॉर्वेतल्या तपासलेल्या बहुसंख्य नद्यांत हा संकर आढळला आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर तानाच्या खाडीत पिंजरे नाहीत. सरकारने ती राखीव ठेवली आहे. पण मग तिथे दुसरे संकट आले. सोव्हिएत काळात पॅसिफिकमधला गुलाबी सामन आणून कोला द्वीपकल्पाच्या बाजूला सोडला. तो पसरत पसरत २०१७ पासून दर विषम सालाला झुंडीने या नद्यांत शिरतो. २०२३ साली त्याला रोखायला सरकारने तानाच्या खालच्या अंगाला नदीभर आडवे कुंपण आणि सापळा घातला, आणि तोही धड चालला नाही. म्हातारीच्या सासऱ्याने फांद्यांची भिंत घातली तर तो मागासलेपणा, आणि सरकारने लोखंडाची घातली तर ते शास्त्र!

उरला प्रश्न 'धरून सोडण्या'चा. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या दर दहा सामनांपैकी नवाहून अधिक सोडले जातात. थंड पाण्यात त्यातले बहुतेक जगतात हे मी मान्य करतो. पाणी तापले की मात्र मरण वाढते, आणि नद्या तर तापतच चालल्या आहेत. पण मेला की जगला, हा माझ्या लेखी दुय्यम मुद्दा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून, सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरणे कायद्याने मना आहे. त्या लोकांनी साधा विचार केला: खायचा नसेल तर त्याला कशाला छळता? मला हा कायदा म्हातारीच्या वाक्याचाच तर्जुमा वाटतो.

फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ च्या एप्रिलमध्ये शहाणपण दाखवले. उत्स्योकीच्या परिसरातल्या नद्यांत परवान्याविना किंवा नियमांबाहेर मासेमारी केली म्हणून काही सामींवर खटले होते. आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा जो हक्क राज्यघटनेने त्यांना दिला आहे, त्याच्या आधारे त्यांची निर्दोष सुटका झाली. संस्कृती म्हणजे केवळ सणावारचे पोशाख नव्हेत, रोजचे जाळेही संस्कृतीच, असे मी त्यातून समजतो.

मी भाषेचा मास्तर, म्हणून शेवटी एक भाषेची गोष्ट सांगतो. सामी भाषेत सामनाला 'लुओस्सा' म्हणतात. पण समुद्रात एकच हिवाळा काढून आलेल्या लहान सामनाला निराळा शब्द आहे, 'दिद्दी'. मोठ्या नराला वेगळा, मादीला वेगळा. आपल्या बाजारात नाही का, लहानमोठ्या माशाची नावे बदलतात, आणि ती कळत नाहीत त्याला कोळीण बरोबर ओळखते? हे शब्द पुस्तकातून येत नाहीत. नावेत आजोबा नि नातू बसतात, जाळे वर येते, आणि आजोबा म्हणतो, "ही दिद्दी." आजीबाईंचा नातू त्या वेळी नऊ वर्षांचा होता. सहाव्या वर्षापर्यंत त्याला कुणी नावेत घेतले नाही, आणि सातव्या वर्षी बंदी आली. आणखी काही वर्षे अशी गेली, की मासा परतेल तेव्हा त्याला नावाने हाक मारणारे कुणी उरणार नाही. मासा मोजणाऱ्यांच्या कोष्टकात या नुकसानीला रकाना नाही.

२०२४ च्या जूनमध्ये नॉर्वे सरकारने दक्षिणेकडच्या ३३ नद्या सामनासाठी ऐन हंगामात बंद केल्या. आमच्या फोटोवाल्या गृहस्थांची नदीही त्यात होती. ते भाच्याला म्हणाले, "आमचा काय अपराध? आम्ही तर सोडून देत होतो!" भाच्याने मला फोनवर हे सांगितले तेव्हा मला आनंद झाला नाही. उलट वाटले, की हा सज्जन माणूस आता तरी उत्तरेला जाईल, म्हातारीच्या ओट्यावर बसेल आणि दोघे मिळून पिंजऱ्यांच्या मालकांना जाब विचारतील. कारण नद्या बंद झाल्या, पण पिंजऱ्यांचा व्यवहार चालूच राहिला.

यजमान महाशय, आपला पाहुणचार मी विसरलेलो नाही. आपले नदीवर प्रेम आहे, याबद्दलही मला शंका नाही. म्हणून आपल्याला एवढेच सांगणे. मासा कमी असेल तर आपणही काठी ठेवा, तीही जाळे ठेवील. मासा वाढला तर पहिला मासा तिच्या पानात पडू द्या. मग आपणही एक धरा, घरी न्या, मीठ-मसाला लावा आणि मुलाबाळांना वाढा. पण अन्नाशी खेळू नका. आणि खेळलातच, तर जेवणाऱ्याला चोर म्हणू नका.